गेम बाजूला ठेवा, आधी धून ऐका : जुन्या व्हिडिओ गेम्समधल्या दुर्लक्षित संगीताशी पहिली ओळख

१९९० साली एनइएसवर, म्हणजे निन्टेन्डो कंपनीच्या घरगुती गेम यंत्रावर, ‘सिल्व्हर सर्फर’ नावाचा गेम आला. तो भयंकर अवघड होता. भिंतीला नुसता स्पर्श झाला तरी खेळाडू मरायचा आणि बऱ्याच जणांनी पहिल्या काही मिनिटांतच कंट्रोलर खाली ठेवला. त्या गेमचं संगीत टिम फॉलिन आणि जेफ फॉलिन या दोन भावांनी केलं होतं. माझ्या मते त्या यंत्रावर वाजलेल्या सर्वांत धाडसी संगीतात त्याची गणना व्हायला हवी. पण गेमच कुणी पुढे खेळलं नाही, मग धून तरी कुणाच्या कानावर पडणार?

जुन्या गेम्सचं संगीत असंच गेमच्या नशिबाला बांधलेलं राहिलं. गेम गाजला तर त्याची चाल जगभर गुणगुणली गेली आणि गेम पडला तर चालही त्याच्यासोबत गाडली गेली. दोन-चार प्रसिद्ध धुना ओळखीच्या आहेत, पण त्यापलीकडे कुठून सुरुवात करावी हे कळत नाही, अशा वाचकांसाठी हा लेख आहे. संगीताचं शिक्षण लागत नाही. बरे हेडफोन हवेत आणि एकच तुकडा पाच-सहा वेळा ऐकायची तयारी हवी.

पहिली पायरी : गेम नको, यंत्र निवडा

‘सर्वोत्तम शंभर गेम संगीत’ छापाच्या याद्या सुरुवातीला टाळा. त्यात तीच ती नावं असतात. शिवाय चार वेगळ्या यंत्रांवरच्या धुना एकापाठोपाठ ऐकल्या की कानाला कशाचीच ओळख होत नाही. त्याऐवजी एक यंत्र निवडा आणि दोन-तीन आठवडे त्याच्याच सोबत राहा.

त्या काळात संगीत ध्वनिमुद्रित करून गेममध्ये ठेवायला जागाच नव्हती. कार्ट्रिजमध्ये (यंत्रात खोचायच्या गेमच्या डबीत) असायच्या त्या फक्त सूचना : अमुक स्वर, अमुक वेळ, अमुक जोर. त्या सूचना वाचून प्रत्यक्ष आवाज काढायचं काम यंत्रातली चिप करायची. त्यामुळे प्रत्येक यंत्राचा आवाज एखाद्या वाद्यासारखा वेगळा आहे, आणि वाद्य ओळखीचं झालं की वादकाचं कसब दिसू लागतं.

मी नवख्यांना फॅमिकॉम सुचवतो. १९८३ मध्ये जपानमध्ये आलेलं हे यंत्र पुढे बाहेरच्या जगात एनइएस म्हणून ओळखलं गेलं. त्याची निवड करण्याचं कारण सरळ आहे. त्याच्यात एका वेळी फक्त पाच आवाज वाजतात आणि पाच आवाज कानाने मोजता येतात.

दुसरी पायरी : पाच आवाज कानाने वेगळे करा

इथे घाई करू नका. हा भाग पक्का झाला की पुढचं पुष्कळ आपोआप उलगडतं.

फॅमिकॉमच्या पाच चॅनेल्सपैकी, म्हणजे या पाच स्वतंत्र आवाजांपैकी, पहिली दोन ‘पल्स’ची आहेत. मुख्य चाल बहुधा यांच्यावरच असते. पल्स लहरीची रुंदी बदलता येते : १२.५ टक्क्यांवर आवाज बारीक आणि नाकातून आल्यासारखा लागतो, २५ टक्क्यांवर जरा भरतो आणि ५० टक्क्यांवर क्लॅरिनेटसारखा पोकळ, गोल होतो. चाल तीच असताना मध्येच आवाजाचा पोत बदलला असं वाटलं, तर संगीतकाराने बहुतेक ही रुंदी बदललेली असते.

तिसरं चॅनेल ‘ट्रँगल’. मऊ, खालचा, बासरीच्या जवळ जाणारा आवाज. याला आवाज कमी-जास्त करण्याची सोयच नाही. एकतर चालू, नाहीतर बंद. म्हणून बहुतेक संगीतकारांनी त्याला बासचं काम दिलं, कारण बास एकाच जोरात राहिला तरी कानाला खटकत नाही. चौथं ‘नॉइज’, म्हणजे नुसती खरखर. ती छोटी-छोटी कापून त्यातून झांज आणि स्नेअर ड्रम काढले जातात. पाचव्या चॅनेलवर अगदी लहान ध्वनिमुद्रित तुकडे वाजवता येतात, पण ते जागा खातात, म्हणून अनेक गेम्समध्ये हे चॅनेल रिकामंच पडलेलं असतं.

आता एक युक्ती कानाने पकडून बघा. या चिपमध्ये प्रतिध्वनीची सोय नाही. तरीही कित्येक धुना मोठ्या सभागृहात वाजल्यासारख्या का वाटतात? दुसरं पल्स चॅनेल पहिल्याचीच चाल किंचित उशिरा आणि हळू आवाजात वाजवत असतं. एकदा हे कळलं की ते सगळीकडे ऐकू यायला लागतं.

दुसरी युक्ती कॉर्डची. तीन स्वर एकदम वाजवायचे तर तीन चॅनेल्स खर्ची पडतील. मग ते तीन स्वर एकाच चॅनेलवर, एकामागून एक, सेकंदाला कितीतरी वेळा फिरवायचे. कानाला वेगळे स्वर जाणवत नाहीत, एक थरथरती, चमकती कॉर्ड जाणवते. याला आर्पेजिओ म्हणतात. जुन्या गेम्सचा जो आवाज लोक पटकन ओळखतात, त्यातला बराचसा या थरथरीचा आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे मला हे सगळं गेमपासून वेगळं ऐकावंसं वाटू लागलं. गोळी सुटली, उडी मारली, नाणं मिळालं की त्याचा आवाज काढायलासुद्धा हीच पाच चॅनेल्स वापरावी लागतात. तेवढ्या क्षणापुरतं संगीतातलं एक चॅनेल गप्प होतं. म्हणजे गेम खेळणाऱ्याने ती धून कधी अखंड ऐकलेलीच नसते. ज्या गेममध्ये सतत गोळीबार आहे, त्यात तर चालीचे नुसते तुकडे पोहोचतात. ‘सिल्व्हर सर्फर’ तसाच होता.

तिसरी पायरी : मूळ आवाज मिळवा

इंटरनेटवर एखादी धून शोधली की पाच प्रकार समोर येतात : मूळ, ‘रीमास्टर’, गिटारवर वाजवलेली, ऑर्केस्ट्रावर वाजवलेली आणि कुणीतरी घुमारा घालून ‘सुधारलेली’. पहिल्या ओळखीला मूळच घ्या. बाकीच्या चांगल्या असतील, पण चिपच्या अडचणीतून काढलेली वाट त्यांच्यात दिसत नाही.

मूळ आवाजासाठी खास फाइली असतात. फॅमिकॉमच्या एनएसएफ, सुपर फॅमिकॉमच्या एसपीसी, गेम बॉयच्या जीबीएस, कमोडोर ६४ च्या सिड, आणि मेगा ड्राइव्हसह अनेक यंत्रांसाठी व्हीजीएम. (ही दुसरी यंत्रं सातव्या पायरीत भेटतील.) यात ध्वनिमुद्रण नसतं. चिपला दिलेल्या सूचनाच असतात, आणि तुमचा संगणक चिपची नक्कल करून त्या वाजवतो. व्हीएलसी प्लेयर यातले बरेच प्रकार वाजवतो. फॅमिकॉमसाठी एनएसएफप्ले हा छोटा प्रोग्रॅम घ्या, कारण त्यात चॅनेल्स एकेक करून बंद-चालू करता येतात, आणि पुढच्या पायरीला तेच लागणार आहे. ज्या गेमचा अधिकृत अल्बम निघाला आहे किंवा स्ट्रीमिंगवर आहे, तो तिथूनच ऐका किंवा विकत घ्या.

दोन गोष्टी तपासायच्या. पहिली वेगाची. जुने गेम टीव्हीच्या चित्राच्या गतीवर चालत. जपान-अमेरिकेत ती सेकंदाला ६० आणि युरोपात ५०. एका गतीसाठी बांधलेली धून दुसऱ्या गतीच्या यंत्रावर तशीच टाकली की ती साधारण सहाव्या हिश्श्याने मंदावते किंवा पळत सुटते. एखादी चाल उगीच रेंगाळल्यासारखी वाटली तर संगीतकाराला दोष देण्याआधी हे बघा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. जपानी फॅमिकॉममध्ये कार्ट्रिजमधूनही आवाज आत येऊ शकायचा, म्हणून काही कंपन्या कार्ट्रिजमध्येच जादा ध्वनिचिप बसवत. बाहेरच्या एनइएसच्या कार्ट्रिज खाचेत ती वाट ठेवलेली नव्हती. कोनामीच्या ‘अकुमाजो देन्सेत्सु’ (१९८९) या गेममध्ये व्हीआरसी६ नावाची चिप होती. तिने दोन पल्स आणि एक करवती लहर अशी तीन चॅनेल्स वाढवली. तोच गेम अमेरिकेत ‘कॅसलव्हेनिया ३’ म्हणून गेला तेव्हा त्याचं संगीत मूळ पाच चॅनेल्समध्ये बसवून पुन्हा बांधावं लागलं. दोन्ही आवृत्त्यांतली पहिल्या टप्प्याची धून लागोपाठ ऐका. जपानी आवृत्तीत तंतुवाद्यांच्या ताफ्यासारखा भरणा आहे. अमेरिकी आवृत्ती सडसडीत आहे, तिच्यात हाडं दिसतात. मला दोन्ही आवडतात, पण जपानी आवृत्ती ठाऊक नसणं हे मोठंच नुकसान आहे.

सनसॉफ्टच्या ‘गिमिक!’ (१९९२) या गेमची गोष्ट आणखी चुटपुट लावणारी. मासाशी कागेयामा यांचं संगीत, त्यासाठी सनसॉफ्टची ५बी ही चिप, आणि तिचा जादा आवाज वापरणारा हा एकमेव गेम. त्या काळी जपानबाहेर तो फक्त स्कँडिनेव्हियात निघाला आणि तिथेही जादा चिपविना. तसाच कोनामीचा ‘लाग्रांज पॉइंट’ (१९९१). फॅमिकॉमवर एफएम पद्धतीचा (ही पद्धत सातव्या पायरीत सांगतो) आवाज देणारा तेवढा एकच गेम, आणि तो जपानबाहेर गेलाच नाही.

चौथी पायरी : एक धून, पाच वेळा

सरावासाठी ‘जर्नी टू सायलियस’ (१९९०) घ्या. संगीत नाओकी कोदाका आणि त्यांच्या सनसॉफ्टमधल्या सहकाऱ्यांचं. हा गेम आधी ‘टर्मिनेटर’ चित्रपटावर बेतला जात होता. तो परवाना हातचा गेला आणि गेम नवं नाव घेऊन बाहेर पडला. फारशा लोकांनी त्याची दखल घेतली नाही.

पहिल्यांदा धून सरळ ऐका, काही शोधू नका. दुसऱ्या वेळी फक्त बासकडे लक्ष द्या. तो इतका तगडा का वाजतो? सनसॉफ्टने इथे पाचव्या चॅनेलवर, जिथे बाकीचे लोक फारतर ड्रमचे ठोके ठेवत, बास गिटारचे छोटे नमुने ठेवले. मग ट्रँगल मोकळं झालं. त्याला त्यांनी ठेक्याच्या कामाला लावलं : स्वर झपकन खाली घसरवला की तो ड्रमच्या घुमाऱ्यासारखा लागतो. तिसऱ्या वेळी एनएसएफप्लेमध्ये पाचवं चॅनेल बंद करा. सगळी धून एकदम पोरकी वाटेल. चौथ्या वेळी फक्त ट्रँगल आणि नॉइज चालू ठेवा आणि नुसता ठेका ऐका. पाचव्यांदा पुन्हा सगळं.

या पाचव्या ऐकण्यात तुम्हाला जे ऐकू येईल ते पहिल्या वेळी ऐकू आलेलं नसणार. मी हा सराव पहिल्यांदा केला तेव्हा त्या संध्याकाळी दुसरं काहीच ऐकावंसं वाटलं नाही.

कानाला मदत हवी असेल तर ‘ऑसिलोस्कोप’चे व्हिडिओ शोधा. त्यात प्रत्येक चॅनेलची लहर वेगळ्या चौकटीत हलताना दिसते. सुरुवातीला फार उपयोगी पडतात. नंतर मात्र डोळे मिटूनच ऐका, नाहीतर कान आळशी होतो.

पाचवी पायरी : आवर्तन पूर्ण होऊ द्या

गेमची धून संपत नाही, ती फिरून पहिल्या जागी येते. खेळाडू त्या टप्प्यावर किती वेळ राहील हे संगीतकाराला माहीत नसतं, म्हणून तिला कितीही वेळा फिरता आलं पाहिजे. दीड मिनिटाची चाल वीस वेळा ऐकूनही नकोशी होऊ नये, हे मोठं अवघड काम आहे.

म्हणून शेवट आणि सुरुवात यांच्या सांध्याकडे कान ठेवा. चांगल्या धुनेत शेवटची ओळ अशी ताणलेली असते की पहिल्या स्वरावर परत येणं समेवर आल्यासारखं वाटतं. सामान्य धुनेत तो सांधा ठेच लागल्यासारखा जाणवतो. बहुतेक अल्बममध्ये धून दोन आवर्तनांनंतर हळूहळू विरून जाते. तुम्ही स्वतः फाइल वाजवत असाल तर तिला चार-पाच वेळा फिरू द्या.

सहावी पायरी : संगीतकाराचा माग काढा

एक धून आवडली की गेमची पुढची आवृत्ती शोधण्याऐवजी संगीतकाराचं नाव शोधा. हे वाटतं तितकं सोपं नाही. त्या काळात कित्येक कंपन्या संगीतकारांची खरी नावं छापत नसत. कॅपकॉममध्ये ताकाशी तातेइशी ‘ओगेरेत्सु कुन’ होते. कोनामीचे लोक ‘कोनामी कुकेइहा क्लब’ या सामूहिक नावामागे असत. ‘कॅसलव्हेनिया’ (१९८६) च्या श्रेयनामावलीत ‘जेम्स बनाना’ असं नाव येतं. प्रत्यक्षात ते संगीत किनुयो यामाशिता यांनी सातोए तेराशिमा यांच्या साथीने केलं होतं. या टोपणनावांमागे स्त्रिया खूप होत्या, हेही आवर्जून सांगायला हवं : मिकी हिगाशिनो, मानामी मात्सुमाए, जुन्को तामिया, योको शिमोमुरा. तामिया यांचं ‘लिटल निमो’ (१९९०) कुठल्याही मोठ्या यादीत सहसा दिसत नाही. ते जरूर ऐका.

माग काढण्याचं माझं आवडतं उदाहरण र्‍युजी सासाई यांचं आहे. १९९२ मध्ये अमेरिकेत सुपर एनइएसवर (सुपर फॅमिकॉमचं तिथलं नाव) ‘फायनल फँटसी मिस्टिक क्वेस्ट’ आला. त्याला फार सोपा, पोरकट म्हणून बाजूला सारलं गेलं. पण सासाई आणि यासुहिरो कावाकामी यांनी केलेलं त्याचं युद्धसंगीत अस्सल रॉक आहे, आणि त्या घराण्यात तसा आवाज आधी आला नव्हता. तेच नाव धरून पुढे गेलात की १९९६ च्या ‘रुद्रा नो हिहो’पर्यंत पोहोचता. तो गेम यंत्राच्या उतरत्या काळात फक्त जपानमध्ये निघाला. तिथे तोच हात जास्त पिकलेला आहे. दोन दुर्लक्षित गेम, पण मध्ये एक सलग धागा. गेमच्या नावावरून शोधलं असतं तर तो कधी हाती लागला नसता.

फॉलिन भावांचा माग असाच घ्या. ‘सॉल्स्टिस’ (१९९०) ची शीर्षक-धून लावा आणि पहिले काही सेकंद थांबा. सुरुवातीला अगदी बेताची, बाळबोध तुतारी वाजते. तुम्ही ‘बरं, ठीक आहे’ म्हणेपर्यंत बांध फुटतो. त्यानंतर जे येतं ते त्याच पाच चॅनेल्समधून येतंय यावर विश्वास बसत नाही. मागे गेलात तर टिम फॉलिन यांचं झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावरचं ‘क्रोनोस’ (१९८७) सापडेल. त्याच्या ४८के आवृत्तीला ध्वनिचिपच नव्हती. प्रोसेसर एका स्पीकरला फक्त चालू-बंद करू शकायचा. ते चालू-बंद विलक्षण वेगाने करून त्यांनी एकाच वेळी अनेक स्वर वाजत असल्याचा भास उभा केला. प्रोसेसरची सगळी ताकद त्यातच जायची, त्यामुळे असं संगीत फक्त शीर्षकाच्या पडद्यावर वाजायचं. आवाज कर्कश आहे. पहिल्यांदा हळू आवाजात ऐका.

सातवी पायरी : दुसऱ्या यंत्राकडे जा

फॅमिकॉम कानात बसला की मग सरका. क्रम तुमच्या आवडीचा, पण प्रत्येक ठिकाणी काय ऐकायचं ते थोडक्यात सांगतो.

कमोडोर ६४ (१९८२) या घरगुती संगणकातली सिड चिप बॉब यॅनेस यांनी घडवली. चॅनेल्स तीनच, पण तिच्यात फिल्टर आहे, त्यामुळे आवाज उघडतो-मिटतो, ओला वाटतो. इथे कॅसेटवरून गेम चढायला कित्येक मिनिटं लागत, म्हणून तेवढ्या वेळापुरतं खास संगीत रचलं जाई. रॉब हबर्ड यांचं ‘सँक्सियन’ (१९८६) च्या वेळचं असं संगीत ऐका. या यंत्राच्या धुनांचा ‘हाय व्होल्टेज सिड कलेक्शन’ हा संग्रह पन्नास हजारांहून मोठा आहे. त्यात नाव न धरता शिरलात तर हरवाल.

सेगा मेगा ड्राइव्ह (१९८८) चा स्वभाव वेगळाच. त्यातली यामाहाची वायएम२६१२ चिप एफएम पद्धतीने आवाज काढते : एक लहर दुसऱ्या लहरीला इतक्या झपाट्याने हलवते की त्यातून धातूसारखे, घंटेसारखे, गुरगुरणारे आवाज निघतात. स्टॅनफर्डमध्ये जॉन चाउनिंग यांनी १९६७ मध्ये शोधलेल्या तंत्राचाच हा वंश. या यंत्राला लोक खरखरीत म्हणून नावं ठेवतात. ते मला मान्य नाही. हाताळणारा हात जसा, तसं ते वाजतं. तोमोको सासाकी यांचं ‘रिस्टार’ (१९९५) किती हलकं, हसरं आहे ते ऐका, आणि मग येस्पर क्यूड यांचं ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ बॅटमॅन अँड रॉबिन’ (१९९५), जे अंधाऱ्या तळघरातलं टेक्नो आहे. युझो कोशिरो आणि मोतोहिरो कावाशिमा यांचं ‘स्ट्रीट्स ऑफ रेज ३’ (१९९४) सगळ्यात शेवटी. ते आलं तेव्हा लोकांना ते गोंगाट वाटलं. कोशिरो यांनी त्यासाठी आपोआप सुरावट तयार करणारी प्रणाली वापरली होती. आज ते ऐकताना काळाच्या पुढे निघून गेलेलं काम ऐकतोय असं वाटतं. या यंत्राची नक्कल नीट नसेल तर आवाज पत्र्यासारखा होतो, तेव्हा शक्य असेल तिथे प्रत्यक्ष यंत्रावरून घेतलेलं ध्वनिमुद्रण निवडा.

सुपर फॅमिकॉम (१९९०) ची ध्वनिचिप सोनीच्या केन कुतारागी यांची. आठ चॅनेल्स, आणि प्रत्येकावर खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित नमुने. ऐकायला चैन वाटते, पण सगळे नमुने, सूचना आणि प्रतिध्वनी यांना मिळून जागा फक्त ६४ किलोबाइट. प्रतिध्वनी पूर्ण लांबवला तर त्यातली ३० तोच खातो. म्हणजे घुमारा हवा की वाद्यं, हा सौदा प्रत्येक धुनेत करावा लागे. कॅपकॉमच्या ‘डीमन्स क्रेस्ट’ (१९९४) मध्ये तोशिहिको होरियामा यांनी चर्चमधल्या ऑर्गनचा गडद आवाज पुढे ठेवला. तो गेम फारसा विकला गेला नाही आणि संगीतही मागे राहिलं. फॉलिन भावांचं ‘प्लॉक’ (१९९३) याच यंत्रावर आहे.

गेम बॉय (१९८९) बद्दल एकच : हेडफोन लावा. त्याचा स्पीकर एकच आणि लहान, पण हेडफोनमध्ये आवाज डावी-उजवीकडे विभागून येतो. सनसॉफ्टचं ‘ट्रिप वर्ल्ड’ (१९९२) तसं ऐकून बघा.

आठवी पायरी : वहीत नोंदी

गेम, वर्ष, यंत्र, संगीतकार आणि एक वाक्य. ‘छान आहे’ लिहू नका. ‘दुसऱ्या भागात बास थांबतो आणि चाल एकटी पडते’ असं काहीतरी लिहा. मग तीन महिन्यांनी वहीतली ओळ वाचली की धून आपोआप कानात येईल. माझ्या वहीतल्या निम्म्या नोंदींपुढे संगीतकाराची जागा अजून रिकामी आहे. ती भरायला मी गेमच्या श्रेयनामावलीचा शेवटचा पडदा थांबवून बघतो.

आणि हात शिवशिवत असतील तर फेमीस्टुडिओ हा मोफत प्रोग्रॅम उतरवून घ्या. फॅमिकॉमची तीच पाच चॅनेल्स समोर येतात. आठ मात्रांची एक साधी चाल पल्सवर मांडा, ट्रँगलवर बास द्या आणि ती शेवटाकडून सुरुवातीला ठेच न लागता फिरते का ते बघा. पहिला प्रयत्न फसेल. मग ‘सॉल्स्टिस’ पुन्हा लावा.